देणगी मागण्याआधी

रोटरी, लायन्ससारख्या सेवाभावी क्लबच्या नव्या सदस्याने पहिल्याच महिन्यात पावतीपुस्तक हाती घेण्याची घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. १९०५ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या रोटरीचे सदस्य आळीपाळीने एकमेकांच्या कार्यालयांत जमत, आणि तिचे नावही त्यावरूनच पडले. सेवाकार्य त्यानंतर आले. तुम्हीही बैठकीला थोडे लवकर या, खुर्च्या मांडायला हात लावा, ज्येष्ठांशी बोला, कारण पुढे देणगीसाठी दारोदार फिरताना सोबत येणारी माणसे याच वेळात जोडली जातात. देणगी नेमक्या कोणत्या कामासाठी हवी ते सांगावे, पावती लगेच द्यावी आणि काम झाल्यावर हिशेब स्वतः नेऊन दाखवावा (हे बहुतेकांकडून राहून जाते). लोकांचा पैसा क्लबच्या जेवणखर्चात कधीही मिसळू नये. लायन्स क्लबांत तर प्रशासकीय आणि सेवा निधी वेगळे ठेवण्याचा नियमच आहे.