कड्यावर ओढलेली बाही

‘‘मॅडम, बाही खाली ओढून हे कडं झाकलं तर मी खोटा. वर सारून दाखवलं तर घरात वैरी. मग मी करू काय?’’

राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसल्यावर दहा मिनिटांच्या आत त्यानं हे विचारलं. वय २७. हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येत असतो. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली मुलगी विचारते, वारीला जाऊन आल्यावर गळ्यात माळ घालू का असं पतपेढीतला कॅशियर विचारतो. मनानं स्वीकारलंय, आता ते अंगावर दिसायलाच हवं का? म्हणून या मुलाची गोष्ट, त्याची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, सांगते.

वडिलांची सगळी हयात उद्यमनगरात लेथवर गेली. मुलगा आयटीआय करून सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, बसला आणि कामासाठी तीन वर्षं लुधियानाला राहिला. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून मित्रांबरोबर गुरुद्वाऱ्यात लंगरला जायचा. एके दिवशी पंगतीत बसला असताना बाहेर चाललेल्या कीर्तनात ‘भगत नामदेव जी’ असे शब्द ऐकू आले आणि हातातला घास हातातच राहिला. त्याची आजी माळकरी. नामदेवांचे अभंग ऐकतच तो लहानाचा मोठा झालेला. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत हे त्याला तिथं कळलं. मग तो गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला जाऊन आला, नामदेवांच्या नावाचं ठिकाण बघून आला. तिथून पुढं तो लंगरासाठी जायचा थांबला आणि गुरुद्वाऱ्यासाठी जायला लागला.

वडिलांच्या हृदयात दोन स्टेंट बसल्यावर तो कोल्हापूरला परत आला. चौदा महिने केसांना कात्री नव्हती, ते टोपीखाली दडवलेले. हातात लोखंडी कडं. आईनं स्टँडवरच विचारलं, ‘‘हे काय रे?’’ वडिलांनी काहीच विचारलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. इकडं कारखान्याच्या शॉपमध्ये फोरमन म्हणायचा कडं काढ, तिकडून लुधियानाचे मित्र फोनवर म्हणायचे, किती दिवस असा अर्धामुर्धा राहणार?

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. मी म्हणून गेले, ‘‘देव भावाचा भुकेला. मनात श्रद्धा असली म्हणजे झालं, दाखवायला कशाला हवं?’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘आजीच्या गळ्यातल्या माळेकडं बघून तुम्ही असं म्हणाला असता का?’’

नसते म्हणाले. आपल्या ओळखीची खूण आपल्याला खूण वाटतच नाही, परक्याचीच तेवढी ‘दाखवणं’ वाटते. त्या दिवसापासून मी हे वाक्य कुणालाही सांगत नाही. शीख परंपरेत तर ही चिन्हं दिसण्यासाठीच दिलेली आहेत. केस, कंगवा, कडं, कच्छा आणि किरपाण हे पाच ककार १६९९ च्या बैसाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी खालशाला, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांच्या पंथाला, दिले. संकटात गर्दीत मिसळून जाता येऊ नये, हाच त्यामागचा भाव परंपरा सांगते. त्याला ‘मनातच ठेव’ म्हणणं म्हणजे त्यानं काय स्वीकारलंय हेच न ऐकणं.

पण त्याचा स्वतःचाही गोंधळ होता आणि तो खरा होता. तो म्हणाला, ‘‘मुंजीच्या वेळी नानकांनी जानवं घालायला नकार दिला. दयेचा कापूस, संतोषाचं सूत असं जानवं असेल तर घाला म्हणाले. आणि दहाव्या गुरूंनी पाच वस्तू अंगावर दिल्या. मग मी कुणाचं ऐकू?’’

यावर आम्ही दोन बैठका घालवल्या. मी शीख धर्माची अभ्यासक नाही, त्यामुळे त्यानंच वाचायचं, त्यानंच सांगायचं आणि मी विचारत राहायचं असं ठरलं. त्याला जे सापडलं ते मला पटलं. नानकांनी नाकारलेला धागा जन्मानं मिळणारा होता, काहींना मिळायचा आणि बाकीच्यांना नाही. आनंदपूरला मात्र गुरूंनी भर सभेत शीर मागितलं आणि जे पाचजण उठले ते परंपरेप्रमाणे पाच ठिकाणचे, पाच जातींचे. त्यातले द्वारकेचे मोहकमचंद आपल्या नामदेवांसारखे शिंपी समाजाचे, आणि साहिबचंद आपल्या शेजारच्या बिदरचे नाभिक. ज्याचा हात वस्तऱ्यावर चालायचा त्यानंच केस राखायचं व्रत घेतलं, हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. खूण आधी आली नव्हती. आधी तो माणूस उठून उभा राहिला होता.

मग मी त्याला एक वही दिली. पंधरा दिवस एवढंच लिहायचं, बाही खाली कधी ओढली, वर कधी सारली, आणि त्या वेळी समोर कोण होतं. वही परत आली तेव्हा तिनं माझ्यापेक्षा जास्त काम केलेलं होतं. आत्याच्या घरी खाली. बँकेत खाली. गुरुद्वाऱ्यात वर. लुधियानाच्या मित्रांना फोटो पाठवताना वर, आणि तीन वेळा फोटो पुन्हा काढला. पहाटे एकटा जपजी, म्हणजे शिखांची सकाळची प्रार्थना, म्हणताना मात्र बाहीची नोंदच नव्हती. तो वही मिटून म्हणाला, ‘‘मॅडम, झाकतोय तेही लोकांसाठी आणि दाखवतोय तेही लोकांसाठीच.’’ मला यात भर घालावी लागली नाही.

आता घरच्यांचं. अशा वेळी सगळेच, समुपदेशकसुद्धा, धरून चालतात की घरचा विरोध धर्माला आहे. मी अनुभवानं सांगते, बहुतेक वेळा तो एवढा मोठा आणि एवढा मोघम नसतो. चिन्हं पाच असली तर घरातली भीती पाच जागी वाटलेली असते, आणि प्रत्येकीचं मूळ वेगळं. म्हणून मी आईवडिलांना बोलावलं आणि सांगितलं, धर्माचं आज बोलायचं नाही. एकेका वस्तूचं बोलू.

आधी कडं. वडिलांनी काही न बोलता डावा हात टेबलावर ठेवला. अनामिका मधल्या पेरापासून नव्हती. ‘‘आंगठीनं नेलं,’’ म्हणाले. ‘‘जॉब फिरत होता, आंगठी अडकली. डोळं मिटून उघडायच्या आत. आन् ह्यो आख्खं कडं घालून स्पिंडलजवळ हुबा ऱ्हातोय.’’ जॉब म्हणजे यंत्रावर घडवायचा तुकडा, स्पिंडल म्हणजे यंत्राचा फिरता दांडा.

मुलानं ते तुटकं बोट लहानपणापासून पाहिलेलं होतं. तरी ‘कडं काढ’ हे वडिलांचे दोन शब्द त्याला ‘तुझा गुरू सोड’ असेच ऐकू येत होते. फोरमनचं म्हणणंही तेच होतं, की फिरत्या यंत्राजवळ अंगठी, घड्याळ, कडं चालत नाही. त्यात धर्माचा काही संबंध नव्हता.

केसांवर आई बोलली. जोतिबाच्या डोंगरावर जावळ काढलेलं, देव कोपेल का, आणि आता स्थळं कशी यायची. स्थळांचं माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते दिलंही नाही. डोंगरावर तुझ्याबरोबर येत जाईन, पिशवी घेईन, पूजा तू कर, असं मुलानं सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. आजही पुरतं झालेलं नाही.

वडील केसांवर गप्प होते. मी दुसऱ्यांदा विचारलं. मग त्यांनी खिडकीकडं बघत विचारलं, ‘‘मी गेल्यावर दहाव्याला ह्यो काय करणार?’’

खोलीत कुणी हललं नाही. दोन स्टेंट घातलेल्या माणसाच्या डोक्यात सव्वा वर्ष हा प्रश्न होता. बाप गेल्यावर मुलानं डोकं करायचं, घाटावर पिंड ठेवायचा, कावळा शिवेपर्यंत थांबायचं. केस न काढणारा मुलगा म्हणजे त्यांच्या लेखी आपल्यामागे कुणीच नसलेला बाप. हे ते बायकोशीसुद्धा बोललेले नव्हते.

मुलगा बराच वेळ रडला. मग जे बोलला ते मी शब्दशः लिहून ठेवलंय. ‘‘खांदा मी देणार. अग्नी मी देणार. केसाला वस्तरा लावणार नाही आणि पिंड धाकटा करेल, ते मी खोटं खोटं करणार नाही. पण मी घाटावर तुमच्यासाठी उभा असेन.’’ वडिलांनी विचारलं, ‘‘कावळा शिवंस्तोवर?’’ तो म्हणाला, ‘‘संध्याकाळ झाली तरी.’’

हा पूर्ण तोडगा नव्हे. वडिलांना जे हवं होतं ते सगळं त्यांना मिळालं नाही. पण त्यांना जे हवं होतं त्यातलं सगळ्यात मोठं, मुलगा तिथं असेल, हे मिळालं. मुलानं खोटं आश्वासन दिलं नाही याचं मला फार मोल वाटतं. असल्या प्रसंगी ‘बघू की पुढं’ म्हणून वेळ मारून नेणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, आणि त्याची किंमत पुढं घाटावरच चुकवावी लागते.

मग मी वडिलांना आजीच्या माळेबद्दल विचारलं. ते खुलले. ‘‘आईनं साठीला माळ घातली. त्याच्या आधी दोन वर्षं मटण खाल्लं न्हाई. आमच्यासाठी तांबडा-पांढरा करायची, पर स्वतः भाकरी-ठेचा. बुवांनी सांगितलेलं, आधी जमतंय का बघा, मग माळ घाला. घालून तोडण्यापरीस न घातलेली बरी.’’ एवढं बोलून ते थांबले आणि मुलाकडं वळले. ‘‘तू तंबाखू कवा सोडलीस?’’

‘‘सव्वा वर्ष झालं.’’

‘‘मला वाटलं पैसं साठवाय लागलास.’’

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, खालशाची दीक्षा, म्हणजे अमृत, घेतलेल्याला तंबाखू वर्ज्य आहे. केस कापणं वर्ज्य, नित्याची बाणी, म्हणजे रोज म्हणायच्या प्रार्थना, चुकवायची नाही, आणि मग पाचही ककार कायम अंगावर. अमृत न घेता श्रद्धेनं चालणारे सहजधारी असतात, केस राखणारे केशधारी असतात. या मुलाला वाटत होतं की आपण कुठल्याच पायरीवर नाही. खरं तर शॉपमध्ये चहाच्या सुट्टीत पुडी पुढं आल्यावर हात आवरणं, हे व्रत तो कुणालाही न दिसता पाळत आलेला होता. इथल्या एका वयस्कर शीख गृहस्थांनी त्याला हेच सांगितलं: अमृताला मुदत नाही, पण घेतल्यावर कडं मशीनपाशी काढायची वेळ येणार असेल तर आधी कामाची सोय लाव.

त्यानं सोय लावायला घेतली. कायद्याबद्दल त्याच्या कानावर बरंच उलटसुलट आलेलं होतं, तेवढं मी सरळ केलं. संविधानाच्या २५ व्या कलमाच्या पहिल्या स्पष्टीकरणात किरपाण बाळगणं हा शीख धर्माचरणाचा भाग मानलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात पगडी घातलेल्या शिखाला दुचाकीवर हेल्मेटची सूट आहे. पण स्पिंडलला कलम कळत नाही, हे त्याचे वडील कुठल्याही वकिलापेक्षा चांगलं सांगू शकतात. कंपनीत त्यानं क्वालिटीच्या खोलीत, तयार जॉब मोजण्याच्या कामावर बदली मागितली. चार महिने लागले. तोवर मशीनवर जाताना कडं टूलबॉक्समध्ये आणि उतरल्यावर पुन्हा हातात. पहिल्या आठवड्यात त्याला ते काढताना चोरी केल्यासारखं वाटायचं. नंतर त्यानं वहीत लिहिलं, ‘आज काढताना बाबांचं बोट आठवलं, लाज वाटली नाही.’

टोपी सुटली ती गेल्या दिवाळीच्या आसपास. केसांवर आता तो काळा पटका बांधतो. गल्लीत काही दिवस हाका ऐकून घेतल्या, मग गल्लीला सवय झाली. आई अजून लग्नकार्याला त्याला बरोबर नेत नाही. ते त्याला बोचतं आणि आमचं काम त्यावर चालू आहे. किरपाण आणि अमृत त्यानं राखून ठेवलंय. घ्यायचं तर नांदेडला, हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात, असं त्याच्या मनात आहे, पण कधी ते ठरलेलं नाही. मी विचारत नाही.

तुमच्यापैकी जे कुणी याच उंबऱ्यावर उभे असतील, त्यांनी ‘घालू की नको’ हे एकदम ठरवायला बसू नये असं मला कळकळीनं वाटतं. पंधरा दिवस बाहीची नोंद ठेवा. घरच्यांना धर्माबद्दल विचारू नका, एकेक वस्तू पुढं ठेवून विचारा की हिच्यात तुम्हाला कशाची भीती दिसते. आणि उत्तर आलं की लगेच प्रतिवाद करू नका.

मागच्या महिन्यात तो एकटा आत बोलत असताना वडील बाहेरच्या बाकावर बसले होते. निघताना मुलगा गाडी काढायला खाली गेला तसे ते दारात घुटमळले. ‘‘मॅडम,’’ म्हणाले, ‘‘नांदेडला उन्हाळ्यात लई ऊन असतंय म्हणं. माझ्यासारख्याला झेपंल, का थंडीत काढाय सांगू त्याला?’’