नागपुरात घरच्या गॅरेजसाठी कार लिफ्ट: छत 10 फूट, मग टू-पोस्ट की सिझर?

10 फूट छताखाली मिड-राइज सिझर लिफ्टच घ्या, म्हणजे कात्रीसारख्या उघडणाऱ्या पायांवर गाडी अर्ध्या उंचीपर्यंत उचलणारी. गणित सोपं आहे: दीड मीटर उंचीची गाडी 1 मीटर उचलली की टप अडीच मीटरवर जातो, छत साधारण 3.05 मीटरवर. एसयूव्ही असेल तर टप आधी मोजा. सिझरची अडचण एकच, गाडीखालचा मधला भाग झाकला जातो. गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर ती कामाची नाही.

टू-पोस्टच (जमिनीला बोल्टने बसवलेल्या दोन खांबांची) हवी असेल तर आधी जमीन बघा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचा पातळ कोबा तडकतो आणि खांब जमिनीला धरणारे अँकर बोल्ट ढिले होतात. फरशीवर तर बोल्ट मारूच नका. काळी माती काढून मुरूम दाबून भरा, वर सळई टाकून किमान 150 मिमी एम25 (ताकदीची श्रेणी) काँक्रीट, आणि 28 दिवसांनंतरच बोल्ट. नेमकी जाडी लिफ्टच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा.

मोटर सिंगल फेजची, म्हणजे घरच्या साध्या वीजजोडणीवर चालणारी मागा. यांत्रिक लॉक नसलेली लिफ्ट स्वस्त मिळाली तरी नको: हायड्रॉलिक सील गेलं तर गाडी त्या लॉकवरच थांबते. लॉकवर टेकल्याशिवाय खाली शिरू नका.