पहिल्यांदा विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन इंटर्नशिप घेताय, सर?

विषय आधी लहान करा. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून जी उन्हाळी फेलोशिप देतात, तीही दोनच महिन्यांची असते. तेवढ्यात ‘नदीचं प्रदूषण’ मावत नाही. एका ओढ्यावरच्या चार ठिकाणी विरघळलेला प्राणवायू सकाळ-संध्याकाळ मोजणं मावतं. रसायनांची ऑर्डर मार्चमध्येच द्या. आणि मे महिन्यात हॉस्टेलची मेस चालू आहे का, हे आजच विचारा. माझ्या पहिल्या वर्षी बाहेरगावच्या मुली पंधरा दिवस वडापाववर राहिल्या, ते मला अजून लागतं.

रेझ्युमे, मुलाखत, सादरीकरण हे शेवटच्या दोन दिवसांत कोंबू नका. दर शुक्रवारची दुपार त्यासाठीच ठेवा. प्रत्येकानं आठवडाभराचं काम पाच मिनिटांत सांगायचं, हवं तर मराठीत. खेड्यातून आलेली मुलं इंग्रजीच्या धास्तीनं गप्प बसतात. आधी विचार मोकळा होऊ द्या, इंग्रजी स्लाइड चौथ्या आठवड्यात.

फसलेला प्रयोगही वहीत तारखेसह लिहून घ्या. खाडाखोड चालेल, पान फाडलेलं नाही.

विद्यावेतन थोडंच असलं तरी पहिल्याच आठवड्यात हातात द्या. काहींचं येण्याजाण्याचं भाडं त्यावरच असतं.