तहसील म्हणते पाठवले, बँक म्हणते आलेच नाहीत

ताई, तुमची पोस्ट वाचली. पारोळ्याकडच्या आजीचे श्रावणबाळचे, म्हणजे सरकारी म्हातारपणाच्या पेन्शनचे पैसे बंद झालेत, तहसीलमध्ये 'आम्ही सोडले' म्हणतात आणि बँकेत 'जमा नाहीत' म्हणतात. यावल तालुक्यातल्या माझ्या मावशीचं अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहितोय. उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला वगैरेत शिरत नाही. आजीला आधी पैसे मिळत होते म्हणजे ते सगळं तुम्ही केलेलंच असणार.

मुद्दा एकच आहे. पूर्वी तहसीलची यादी बँकेत जायची आणि त्यातल्या खाते नंबरावर पैसे पडायचे. २०२४ च्या अखेरीपासून ते डीबीटीने, म्हणजे आधार नंबरावर जातात. आणि 'खात्याला आधार जोडलंय' आणि 'एनपीसीआयकडे मॅपिंग आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनपीसीआय ही बँकांमधले व्यवहार सांभाळणारी संस्था, आणि मॅपिंग म्हणजे आधारवर आलेले पैसे कोणत्या बँकेत जायचे त्याची तिच्याकडची नोंद. केवायसीसाठी आधार चार बँकांत देता येतं, पण मॅपिंग एकाच बँकेशी राहतं, बहुधा शेवटी जिथे संमती दिली तिच्याशी. पैसे तिकडेच जातात.

हे आम्हाला बँकेने सांगायला हवं होतं. नाव घेत नाही, पण त्या शाखेत काउंटरवर दर वेळी एकच उत्तर: "आधार लिंक आहे, पैसे वरूनच आले नाहीत, तहसीलला जा." स्क्रीन आमच्याकडे वळवायची नाही, लेखी काही द्यायचं नाही. एकदा सर्व्हर बंद, एकदा साहेब मीटिंगला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असलं तरी सत्तरी ओलांडलेल्या बाईने उन्हात किती खेपा घालायच्या? मावशीला वाटायला लागलं की घरातल्याच कुणीतरी पैसे उचलले. "मन्हा पगार कोन खाई गया?" असं ती भाच्यासमोरच विचारायची. माझ्या लेखी सगळ्यात मोठं नुकसान हे.

शेवटी फैजपूरच्या एका सेतू केंद्रातल्या पोराने आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे हे मॅपिंग कोणत्या बँकेशी आहे ते, उघडलं, तर तिथे भलत्याच बँकेचं नाव. गावात कधीतरी शिबिर लागलं होतं, तेव्हा उघडलेलं झिरो बॅलन्सचं खातं. पासबुक धान्याच्या कोठीमागे, कोरं. सगळे हप्ते तिथे पडून होते.

म्हणून तहसीलच्या संजय गांधी शाखेत (ही पेन्शन तिथूनच बघतात) 'पैसे पाठवले का' विचारू नका, 'कोणत्या बँकेत जमा दिसतात' ते विचारा. ऑपरेटर बरा असेल तर दोन मिनिटांत सांगतो. साइटवर बघायचं तर आधारला चालू मोबाइल नंबर लागतो, ओटीपी त्यावरच येतो. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पैसे काढतानाही घोळ होतो. मावशीचा जन्म कापूस वेचण्यात गेला, अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. अंगठा ठेवायचं मशीन तांबडं व्हायचं, बँकमित्र (गावात बँकेच्या वतीने पैसे देणारा) म्हणायचा "मायबाई, जोरात दाबा". ओल्या फडक्याने पुसून दुसऱ्या बोटांवर करून बघितलं, तेव्हा डाव्या हाताच्या मधल्या बोटावर जमलं. आता पोस्टमन घरी मशीन घेऊन येतो, तेच बरं. बँकमित्र 'चार्ज' म्हणून हातात कमी पैसे ठेवत असेल तर छापील पावती मागा.

मी काही सरकारी माणूस नाही, एजंटही नाही. नियम बदलतात, तुमच्या तालुक्यात वेगळं चालत असेल तर तिथलं ऐका. माझं वैयक्तिक मत, पटलं तर घ्या: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, ही अटच हास्यास्पद आहे. एवढ्यात कोणतं कुटुंब चालतं? सगळे दाखल्यावर तोच आकडा लिहून घेतात, देणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि मग गरजवंत म्हातारीच 'चौकशी होईल' म्हणून घाबरून बसते. पण ते असो.

आजीचं शिबिरातलं किंवा सिमकार्ड घेताना दुकानात उघडलेलं एखादं खातं आहे का, ते आधी घरात शोधा. सापडलं तर बँकेचं नाव कळवा, त्यांच्याकडे केवायसी कशी लागते ते सांगतो.