वाचकांचे प्रश्न : नावेच्या जुन्या मोटरीतून पेट्रोल ठिबकते

प्रश्न : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या वाड्याच्या माळ्यावर आजोबांची, नावेच्या मागे लावायची इंग्रजी बनावटीची आउटबोर्ड मोटर तीसएक वर्षे पोत्यात गुंडाळून पडली होती. ती टू-स्ट्रोक असून टाकी डोक्यावर आहे आणि दोरी ओढून सुरू करावी लागते. पाण्याच्या पिंपात उभी करून चालवली तर चालते, पण पेट्रोल ठिबकते आणि खोलीत रात्रभर वास राहतो. एका मिस्त्रीने सांध्यांना नळकामाची पांढरी टेप गुंडाळली व टाकीच्या तळाला साबण चोळला. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. नवा कार्बुरेटर शोधावा का? तिघऱ्याच्या जलाशयात एकदा तरी ती चालवून पाहण्याची इच्छा आहे. — एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : कार्बुरेटर शोधण्याची घाई करू नये. आपल्या पत्रात गळती होते एवढेच लिहिले आहे. ती केव्हा होते, हे लिहिलेले नाही, आणि दोष कोठे आहे ते त्यावरूनच कळते. प्रथम मोटर वाड्याच्या चौकात, उघड्यावर आणावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खोलीच्या जमिनीलगत साचून राहते. देवघरातील निरांजनही तिला पेटवायला पुरे होते.

टेप, साबण सगळे काढून मोटर कोरडी पुसावी, सांध्यांवर खडूची भुकटी भुरभुरावी, कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, बंद ठेवून टाकी अर्धी भरावी आणि अर्धा तास थांबावे. भुकटी जेथे प्रथम काळवंडेल तेथे गळती आहे. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळलेले असल्याने पेट्रोल उडून गेले तरी तेलाचा चिकट ओघळ मागे राहतो. त्याचे वरचे टोक शोधावे, खालचे नव्हे, कारण थेंब जेथून पडतो तेथूनच तो निघालेला असतो असे नाही.

कॉक बंद असतानाही ठिबकत असेल तर कार्बुरेटरच्या आधी कॉक तपासावा. त्या काळच्या अनेक मोटरींच्या ओढ-दाब कॉकमध्ये आत बुचाचा तुकडा असतो. इतकी वर्षे कोरडे पडलेले बूच आक्रसते आणि कॉक बंद करूनही पेट्रोल त्याच्या कडेने वाट काढते. टाकी रिकामी करून कॉक खोलून सुटा करावा आणि बूच गरम पाण्यात काही तास भिजत ठेवावे. पुष्कळदा ते फुगून पुन्हा घट्ट बसते. चुरा होऊ लागले असेल तर मात्र बदलावे.

कॉक उघडल्यावरच गळत असेल तर फ्लोटकडे, म्हणजे कार्बुरेटरमधील पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाकडे, वळावे. टाकी वर असल्याने पेट्रोल स्वतःच्या वजनाने सतत खाली येऊ पाहते आणि त्याला थोपवणारी असते ती फ्लोटवर वर-खाली होणारी बारीक सुई. सुईच्या टोकावर भिंगातून चकचकीत खोलगट कडे दिसले तर ती झिजली आहे. पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत खळखळ ऐकू आली तर त्याला सूक्ष्म छिद्र आहे. गरम पाण्यात बुडवताच बुडबुडे छिद्राची जागा दाखवतात. तेथे झाळ लावता येते, मात्र आतील पेट्रोल व वाफ पूर्ण निघून गेल्याशिवाय आच जवळ नेऊ नये. झाळही कणभरच असावी. माझ्या एका जुन्या फ्लोटवर मी ती सढळ हाताने लावली, फ्लोट जड होऊन पेट्रोलची पातळी वाढली आणि गळती दुसऱ्या वाटेने परत आली. फ्लोट व सुई ठीक असतील तर बाऊलखालचा (फ्लोट ज्यात असतो त्या वाटीखालचा) फायबरचा वॉशर पाहावा. वाळून चिरलेला वॉशर कितीही आवळला तरी गळायचे थांबत नाही, उलट आटे जातात.

ती पांढरी टेप मुळीच परत लावू नये. पेट्रोलच्या सांध्यात तिचे तंतू सुटून सुईखाली अडकतात आणि सुई बसतच नाही, म्हणजे गळती थांबवायला लावलेली टेपच गळती घडवते. साबणाचे तसे नाही. तो पेट्रोलमध्ये विरघळत नसल्याने तात्पुरता टिकतो आणि वाटेत अडचण झाल्यास उपयोगी पडतो, पण तळाला छिद्र असेल तर त्यावरचा तो इलाज नव्हे.

दोन गोष्टींना गळती समजू नये. कार्बुरेटरवरची छोटी कळ थंड मोटर सुरू करण्यापूर्वी दाबायची असते आणि तेव्हा थोडे पेट्रोल बाहेर येणे अपेक्षितच आहे. ती दहा-दहा वेळा दाबण्याची सवय असेल तर सोडावी. तसेच कॉक उघडा ठेवून मोटर आडवी निजवली तर चांगला कार्बुरेटरही ओकतो.

प्रश्न : याच मोटरीत पंपावरचे साधे पेट्रोल चालेल का? — तेच वाचक

उत्तर : चालेल, पण टाकीत ठेवू नये. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगून मऊ पडतात, तेव्हा नळी नवी, इथेनॉलला टिकणारी घ्यावी. काही मोटरींत फ्लोट बुचाचा असून त्यावर लाखेचा लेप असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे फर्निचरला पॉलिश करणारा कोणीही सांगेल, आणि इथेनॉल म्हणजे स्पिरिटच. तेलाचे प्रमाण मूळ पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. जुन्या मोटरींपैकी काहींना दहास एक इतके तेल लागे, आजच्या सवयीने पन्नासास एक घातले तर बेअरिंग जातील. तिघऱ्याबद्दल एवढेच, की ते शहराचे पिण्याचे पाणी आहे. पिंपातल्या पाण्यावर एकही इंद्रधनुषी तवंग न येता मोटर अर्धा तास चालली, की मगच तेथील परवानगीसाठी अर्ज करावा.