दांडिया बाजारातल्या वाड्यातली ११ बाय १४ फुटांची खोली, भिंती पांढऱ्या. प्रोजेक्टरसाठी फिक्स्ड पडदा, म्हणजे चौकटीवर ताणून भिंतीला कायमचा लावलेला, १०० इंची घ्यावा की १२० इंची?

१०० इंचीच घ्या. हे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं असतं; रुंदी-उंचीच्या १६:९ प्रमाणात तो ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच येतो. चौकट धरून पावणेआठ फूट, म्हणजे ११ फुटी भिंतीवर दोन्ही बाजूंना स्पीकरला दीड-दीड फूट उरते. १२० इंची चौकटीसकट सव्वानऊ फूट होतो, मग स्पीकर ठेवणार कुठे? सोफा मागच्या भिंतीशी असला तरी डोळे साधारण बारा फुटांवर राहतात. त्या अंतराला १०० इंच अगदी बरोबर. खात्री हवी तर वर्तमानपत्रं जोडून तेवढा चौकोन भिंतीला चिकटवा आणि एक संध्याकाळ समोर बसून बघा.

तुम्ही भिंती पांढऱ्या असल्याचं लिहिलंय, खरी अडचण तिथे आहे. पडद्यावरचा उजेड भिंतींवरून परत येतो आणि काळा रंग राखाडी दिसतो. महागडं कापड घेण्याआधी पडद्यालगतच्या भिंती आणि छत गडद, बिनचकाकीच्या रंगात रंगवा. मग १.० गेनचं, म्हणजे उजेड न वाढवता न घटवता परतवणारं, साधं मॅट पांढरं कापड पुरतं. भिंती रंगवणं घरच्यांना पटत नसेल तरच राखाडी कापड बघा; ते काही उजेड शोषून घेतं, म्हणून प्रोजेक्टर तेवढा प्रखर हवा.

वाड्याच्या अरुंद जिन्याची काळजी नको, चौकट सुट्या तुकड्यांत येते. कापड ताणताना मात्र घाई करू नका. आधी चारही बाजूंच्या मधल्या स्प्रिंगा, समोरासमोरच्या, मग कोपऱ्यांकडे. मी एका कडेने सुरुवात केली होती, तिरकी सुरकुती पडली आणि सगळं उतरवावं लागलं. खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा, मान अवघडणार नाही.