डायनॅमो लावला की सायकल जड का होते?

या वेळच्या टपालात निम्मी पत्रं 'फ्री एनर्जी'ची, म्हणजे घातली त्याहून जास्त वीज देतात म्हणणाऱ्या यंत्रांची आहेत. कुणाला मशीन विकत घ्यायचं आहे, कुणी घरीच जुळवायला घेतलंय, तर एकाने मला "वीज कंपन्यांचा माणूस" ठरवून टाकलं आहे. काही निवडक प्रश्न घेतो.

व्हिडिओत 1 एचपीची मोटर पट्ट्याने 50 किलोचं फ्लायव्हील (जड चाक) फिरवते, फ्लायव्हील 5 किलोवॅटचा अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) फिरवतं. त्याचीच वीज परत मोटरला जाते, वर दहा बल्ब पेटतात. इथला वेल्डर 48 हजारांत करून देतो म्हणतोय. घेऊ का? (शेतकरी, सांगोला)

नका घेऊ. नुसतं "नका" म्हटल्याने तुमचं समाधान होणार नाही, म्हणून हिशेब मांडतो.

1 एचपी म्हणजे शाफ्टवर 746 वॅट. तेवढे द्यायला साधी मोटर तारेतून साधारण 930 वॅट ओढते, उरलेले तिच्या अंगात गरमी होऊन जातात. पट्टा पाचेक टक्के खातो, अल्टरनेटर वीसेक टक्के. शेवटी हातात येतात 570 वॅट. मोटरला पुन्हा 930 हवेत. बल्ब तर अजून लावलेच नाहीत! अल्टरनेटरच्या पाटीवरचं 5 किलोवॅट म्हणजे तो किती भार सोसेल त्याचा आकडा. 1000 लिटरची टाकी आणली म्हणून तिच्यात 1000 लिटर पाणी येत नाही, तसंच हे.

"पण फ्लायव्हील ताकद वाढवतं ना?" नाही. फ्लायव्हील साठवतं. दोन फूट व्यासाची 50 किलोची भरीव चकती मिनिटाला 1500 फेऱ्यांनी फिरत असेल, तर तिच्यात सुमारे 28 हजार जूल असतात. एका युनिटमध्ये 36 लाख जूल. म्हणजे त्या धडधडणाऱ्या चकतीत एका युनिटचा सव्वाशेवा हिस्साही धड नाही. तुमचा 5 एचपीचा पंप तेवढ्यावर साडेसात सेकंद चालेल. 9 वॅटचे दहा एलईडी बल्ब मात्र, काहीच वाया गेलं नाही असं धरलं, तर पाच मिनिटं पेटतील. व्हिडिओ तीन मिनिटांचाच का असतो, ते यातून समजावं. पुढे तो चालूच राहिलेला दिसला, तर टेबलाखाली बॅटरी किंवा प्लग शोधा.

खरी गोम अल्टरनेटरमध्ये आहे. जुन्या सायकलींना 6 व्होल्ट 3 वॅटचा डायनॅमो असे, आठवतो? तो टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं आणि चढावर आपण दिवा बंद करून अंधारातच जायचो. डायनॅमोच्या वायंडिंगमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांतून, करंट वाहू लागला की तो चुंबकाला उलटा ढकलतो. जेवढा भार लावाल, तेवढा तो शाफ्टला मागे ओढतो. फुकट विजेची सगळी यंत्रं हे ओढणं विसरतात, किंवा विसरल्याचं दाखवतात.

तुमची अडचण रात्रपाळीच्या विजेची असेल तर 48 हजार राखून ठेवा आणि राज्याच्या सौर कृषी पंप योजनेची चौकशी करा. तिथे शेतकऱ्याला किमतीचा 10 टक्के हिस्सा भरावा लागतो, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के.

मी स्वतः मोजलंय. आत 400 वॅट, बाहेर 1150 वॅट. मीटर खोटं बोलतं का? (फिटर, चिंचवड)

तुमचं पत्र मला आवडलं. तुम्ही फोटोसोबत आकडे पाठवलेत, ते फार थोडे करतात. मीटर खोटं बोलत नाही, तुम्ही त्याला अर्धाच प्रश्न विचारलात.

फोटोत बाहेरच्या बाजूला एक मोटर रिकामी फिरतेय. तुम्ही नुसता करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर 5 अँपिअर पाहिले आणि 230 व्होल्टने गुणले. रिकाम्या मोटरचा पॉवर फॅक्टर (या गुणाकारातला खऱ्या वॅटचा हिस्सा) 0.2-0.3 च्या आसपास असतो, म्हणजे खरे वॅट 300 च्या घरात. बाकीचा करंट नुसता येरझाऱ्या घालतो. आतल्या बाजूला मात्र तुम्ही वॅटमीटर लावलाय. एका पारड्यात किलो, दुसऱ्यात शेर. दोन्हीकडे एकसारखे वॅटमीटर लावा आणि मोटरऐवजी हीटरची कॉइल जोडा. मग बाहेरची वीज परत आत द्या, प्लग काढा, बॅटरी काढा आणि आठवडाभर चालू ठेवा.

डब्लिनच्या स्टिओर्न कंपनीने 2006 मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये पानभर जाहिरात देऊन आपलं 'फुकट ऊर्जा' देणारं चुंबकी यंत्र तपासायला शास्त्रज्ञांना बोलावलं होतं. 2007 मध्ये लंडनचं प्रात्यक्षिक रद्द झालं. कारण काय, तर दिव्यांच्या उष्णतेने यंत्र बिघडलं! 2009 मध्ये त्यांच्याच परीक्षक मंडळातल्या 22 जणांनी कळवलं की जादा ऊर्जा निघते असं काही दाखवलं गेलेलं नाही.

पेटंटबद्दलही विचारलंय तुम्ही. 1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 3(अ) सिद्ध नैसर्गिक नियमांच्या उघड विरोधात जाणाऱ्या दाव्याला आपल्याकडे दार बंद करतं. फी वाया घालवू नका.

टेस्लाने फुकट वीज शोधली होती, भांडवलदारांनी ती दाबली. यावर का लिहीत नाही? (वाचक, नाशिक)

वॉर्डनक्लिफचा मनोरा निकोला टेस्ला या विद्युत संशोधकाने 1901 पासून अमेरिकेत लाँग आयलंडवर उभारायला घेतला. बँकर जे. पी. मॉर्गनने दीड लाख डॉलर दिले, पुढे हात आखडला, आणि 1917 मध्ये मनोरा पाडला गेला. पण तो वीज बिनतारी पाठवण्यासाठी होता. वीज आधी कुठेतरी तयार करावीच लागणार होती. पाठवणं आणि निर्माण करणं यात गल्लत नको.

भास्कराचार्यांनी आपोआप फिरणारं चाक सांगितलंय. तेही खोटं? (निवृत्त शिक्षिका, चाळीसगाव)

बाई, सांगितलंय हे खरं. 1150 च्या 'सिद्धांतशिरोमणी'त, गोलाध्यायाच्या यंत्राध्यायात: पोकळ आऱ्यांचं हलक्या लाकडाचं चाक, आऱ्या पाऱ्याने अर्ध्या भरलेल्या, आणि ते स्वतःहून फिरतं. कल्पना देखणी आहे. एका बाजूचा पारा आसापासून लांब सरकतो, म्हणून ती बाजू जड वाटते. पण लांब सरकलेला पारा खालीही उतरलेला असतो, आणि तो पुन्हा वर चढवायला चाकाला तेवढंच मोजावं लागतं. दोनचार झोके खाऊन चाक थांबतं. माणूस थोर होता म्हणून त्याचं हे चाकही फिरलंच पाहिजे असं नाही. थोरपण सिद्ध करायला त्यांचं गणित पुरेसं आहे.

विहिरीचं पाणी टाकीत चढवायचं, उतरताना टर्बाइन फिरवायचं, त्यावर पंप. हे तर जमेल? (जुन्नर)

जमत नाही. घाटघरचा 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प पाणी चढवतो आणि उतरवतो, पण असे प्रकल्प घातलेल्या विजेच्या पाऊण हिश्श्याच्या आसपासच परत देतात. मागणी नसतानाची वीज गर्दीच्या वेळेसाठी साठवायची, एवढाच त्यांचा व्यवहार.

विज्ञान प्रदर्शनात फ्री एनर्जी मॉडेल ठेवायचं आहे. सर म्हणतात, हसं होईल. (इयत्ता नववी)

ठेव, पण उलटं ठेव. दोन पिवळ्या गिअर मोटरी घे, प्रत्येकीला चाक बसव, तारा एकमेकींना जोड. एक चाक हाताने फिरवलंस की ती मोटर डायनॅमोसारखी वीज करेल आणि दुसरं फिरेल. आता दुसरं चाक घट्ट धरून पहिलं फिरवून बघ, ते जड लागेल. मग एक तार सोडवून पुन्हा फिरव, हलकं होईल. तक्त्यावर फार लिहू नकोस. परीक्षक आले की चाक त्यांच्याच हातात दे, आणि दुसरं तू धर.